खाटेपुरती जागा

भट्टीच्या तोंडाशी वाकून आत बघताना बाकीची माणसं डोळ्यांवर हात धरतात. ती धरत नसे. मान जराशी तिरकी करायची, एक डोळा मिटायचा आणि नुसत्या जाळाच्या रंगावरून सांगायची की दगड अजून कच्चा आहे, नाहीतर आता कोळसा बास. गावात तिला भट्टीवाली म्हणत. लग्न होऊन आली तेव्हा मात्र चुन्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. भाजलेला खडा हातात घेऊन थुंकी लावून बघितली, तो फसफसून तडकला, आणि ही बया खडा टाकून थेट रस्त्यापर्यंत पळाली. ही गोष्ट तिची सासू आल्यागेल्याला सांगायची. सुनेसमोरच सांगायची, आणि सून हसायची.

सासूचं तोंड म्हणजे कळीचा चुना, पाण्याचा थेंब पडायचा अवकाश. गावातली टवाळ पोरं म्हणायची, काय आजी, आज कुणाला चुना लावला? म्हातारी कामावरून मान न उचलता म्हणे, लावून घ्यायला तुझ्याकडं भिंत तरी आहे का रे, बापाचं छप्पर तर गळतंय. पण अलीकडं सांध्यांनी तिला धरलं होतं. गुडघे, मनगटं, बोटांची पेरं सुजून गाठोडी झालेली. उठवून बसवलं तर बसायची, नाहीतर पडून. तोंड तेवढं शाबूत होतं.

नवरा फौजेत. म्हातारा सासरा भट्टीवर. त्याला ती मामा म्हणायची आणि सासूला आत्या. मामा मुळातच घुमा माणूस. सुनेला भट्टीचं सगळं काम त्यानंच शिकवलं, पण तोंडानं नाही. चुकलं की तो नुसता तिच्या हातातलं फावडं काढून घ्यायचा, करून दाखवायचा आणि परत हातात द्यायचा. नवऱ्याला सुट्टी मिळाली की ते तिघं मिळून भट्टी भरत. एक थर कोळशाचा, एक थर चुनखडीचा, परत कोळसा. भाजून निघाला की दगड हलका होतो, कापसासारखा उचलता येतो. पण त्याच्याइतकी तहान कशालाच नाही. हवेतली ओल पितो, भिंतीतली पितो, आणि खरं पाणी अंगावर आलं की उकळतो, फुगतो, पोतं फाडून बाहेर येतो, शेजारी लाकूड असलं तर तेही पेटवून देतो. म्हणून चुनेवाले माल कधी घरात मुरू देत नाहीत. आज काढला, परवा गाडीत.

पण राहिलाच थोडाफार, तर तो घरातल्या सगळ्यात कोरड्या खोलीत रचायचा, आणि त्याच खोलीत आजारी माणसाची खाट टाकायची. ही या घराची जुनी रीत. चुना खोलीतली ओल ओढून घेतो, सांध्यांना आराम पडतो. मामाचा बाप असाच चुन्याच्या पोत्यांशेजारी पडून आपल्या मरणानं गेला. मामाची आजीसुद्धा. कुणाला कधी काही झालं नव्हतं, म्हणून त्यात काही होण्यासारखं आहे हेच कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

लढाई लागली तेव्हा नवरा सुट्टीवरच होता. भट्टी पेटवून चौथा की पाचवा दिवस. बोलावणं आलं, आणि तो धुराच्या वासाच्याच कपड्यांनी गेला. पेटलेली भट्टी कुणाच्या लढाईसाठी थांबत नाही. तिनं आणि मामानं ती शेवटापर्यंत जाळली, थंड केली, उपसली. माल असा निघाला होता की नखानं टिचकी मारली तर काचेसारखा वाजावा. आणि न्यायला गाडी नाही. गावातल्या, आसपासच्या सगळ्या मालगाड्या सरकारनं लढाईच्या कामाला लावलेल्या. ती दोन ठिकाणी गाडीसाठी पायपीट करून आली. एकानं तिला बसायला सांगितलं, चहा पाजला आणि नाही म्हणाला. दुसऱ्यानं चहासुद्धा पाजला नाही.

नवऱ्याचा फोन यायचा तो किराणा दुकानात. दुकानदाराला गाव हॅलो म्हणायचं, कारण फोन नसतानाही तो गिऱ्हाइकाला हॅलो म्हणूनच हाक मारायचा. बाईमाणूस बोलायला लागलं की हा सभ्यपणे पाठ फिरवून डाळीची पोती झटकायचा. कान मात्र पाठीवर असायचे. त्याच्या दुकानात फोनवर बोललेलं संध्याकाळच्या आत गावभर झालेलं असायचं, आणि त्यात त्याची वाईट बुद्धी होती असंही नाही. त्याला राहवायचं नाही, एवढंच.

तिनं नवऱ्याला अडचण सांगितली. पोती उघड्यावर आहेत, पावसाळा तोंडावर आला, कुठं ठेवू? नवरा म्हणाला, मागं आईच्या खोलीत रच. ती म्हणाली, मग आत्यांची खाट पुढच्या खोलीत घेते, एवढा माल आहे, भीती वाटते. त्यावर तिकडून तो जे बोलला ते तिनं पुढं कितीतरी वेळा मनात परत ऐकलं.

"आईला हलवू नकोस. पुढची खोली ओल धरते, तिची छाती भरून येईल. चुन्यापाशी माणूस कोरडं राहतं, तुला माहीत नाही का? खाट आहे तिथंच राहू दे आणि पोती तिच्या भोवतीनं रच."

हे हॅलोला ऐकू गेलं नाही. त्याला फक्त तिचं ऐकू गेलं, "बरं, तुम्ही म्हणता तसं."

मग दोघांनी पोती आत नेली. खाटेच्या डोक्याशी, पायाशी आणि भिंतीच्या बाजूनं, तिन्हीकडं माणसाच्या उंचीइतकी थप्पी लागली. दारापासून खाटेपर्यंत एक माणूस अंग चोरून जाईल एवढी वाट ठेवली. सासू मधोमध पडून होती. म्हणाली, मेल्यावर पुरायला यायचा त्रास वाचवलात. दोन-तीन दिवसांनी तीच म्हणाली, बोटं जरा वळतायत गं. सुनेलाही वाटलं, नवऱ्याचं खरं होतं.

घर उतारावर, कालव्याच्या खाली. भट्टी वर टेकाडावर. कालव्याच्या दारावर जो माणूस असायचा तोही लढाईवर गेला होता, आणि त्याच्या जागी दुसरा कुणी आलाच नाही. वरच्या अंगाला पाऊस झाला, कालव्यात पाणी चढत गेलं, दार उचलायला कुणी नाही. भर दुपारी बांध फुटला. सासरा-सून त्या वेळी भट्टीच्या आतल्या झिजलेल्या विटा काढत होते. आवाज आला म्हणून ती बाहेर आली, तर खाली रस्ता चालत होता. आधी तिला तसंच वाटलं, रस्ताच सरकतोय. मग कळलं की ते पाणी आहे आणि ते आपल्या घराकडं चाललंय.

पाणी काही बुडवून मारण्याएवढं नव्हतं. गुडघाभर. शेजारच्या घरात त्यानं भांडी तरंगवली आणि चुली विझवल्या, बस. यांच्या घरात ते मागच्या खोलीच्या दाराखालून आत गेलं.

ती पोचली तेव्हा खिडकीतून वाफ येत होती, पांढरी, दाट, भाताच्या हंड्यासारखी. आतून पोती फाटल्याचे आवाज. सासूचा आवाज एकदा आला, तिनं सुनेला हाक मारली, मुलाला नाही, नवऱ्याला नाही. मामानं दार ढकललं तर दार हलेना. आतला चुना फुगून दारावर येऊन बसला होता. त्यानं दोन्ही तळवे लावून जोर केला. दाराच्या फटीतून उकळता चुना त्याच्या हातांवर आला, तरी हात काढले नाहीत. मग आतल्या खाटेनं पेट घेतला आणि छपराच्या लाकडांनीही. खाली पाणी आणि वर जाळ. शेजारचे बादल्या घेऊन धावले, आणि ती त्यांच्या अंगावर धावून गेली, पाणी टाकू नका म्हणून. त्यांना वाटलं बाईला वेड लागलं. दोघांनी तिला धरून ठेवलं आणि बाकीच्यांनी बादल्या ओतल्या. ओतली ती प्रत्येक बादली आतून उकळून बाहेर आली, तेव्हा कुठं ते थांबले.

दारामागचा चुना फोडून सासूला बाहेर काढलं, त्याचं वर्णन करण्यासारखं काही नाही. तिला निरोप दिला आणि मागच्या खोलीचं मोडकं दार ओढून घेतलं. आत कुणी गेलं नाही.

सुनेच्या पिंडऱ्या भाजल्या होत्या. मामाचे दोन्ही हात कोपरापर्यंत फडक्यात. तो दिवसभर अंगणात बसून राही, आणि ती त्याला चमच्यानं भरवी. सासऱ्याला असं भरवायचं म्हणजे दोघांनाही अवघड, म्हणून ती भरवताना दुसरीकडं बघायची आणि घास कधी नाकाला लागायचा. तिसऱ्या का चौथ्या दिवशी त्यानं घास बाजूला सारला आणि म्हणाला, त्याला कळवायला हवं. ती म्हणाली, मी कसं सांगू, मामा? आई गेली हे सांगेन. पण कशी गेली हे सांगितलं की पुढचं त्याचं त्यालाच कळणार. आईला हलवू नकोस, हे शब्द त्याचे आहेत.

म्हाताऱ्यानं चमचा खाली ठेवायला खुणावलं. मग म्हणाला, "सांग, तू खाट पुढं आणली होतीस. त्याचं ऐकलं नाहीस. आणि पोती रचून झाल्यावर म्हाताऱ्यानं तुझं न ऐकता परत आत नेली. माझं नाव सांग."

ती नको म्हणाली. त्यानं फडक्यात गुंडाळलेले हात वर केले. "माझ्या हातात आता दुसरं काही द्यायला उरलंय का? तो बंदूक घेऊन उभा आहे. हे डोक्यात घेऊन उभा राहिला तर किती दिवस राहील?"

तिनं सांगितलं. हॅलोच्या दुकानात, फोनवर, म्हाताऱ्यानं घोकून घेतलं होतं तसंच. मामांनी खाट परत आत नेली. हॅलो पोती झटकायचा थांबला होता. तिकडून नवरा एवढंच म्हणाला, येतो.

संध्याकाळपर्यंत गावाला कळलं की म्हाताऱ्यानं स्वतःच्या हातानं बायकोला चुन्यात नेऊन ठेवलं. कालपर्यंत त्याच्या भाजलेल्या हातांची चौकशी करणारे आता त्याच हातांकडं बोट दाखवायला लागले. देवानं बरोबर जागी शिक्षा दिली, असंही एक जण बोलला.

नवऱ्याला आई गेली म्हणून सुट्टी मिळाली. आला तो पाठीवरची पिशवी न उतरवता सरळ मागच्या खोलीकडं गेला. ती त्याच्या मागोमाग. दार त्यानं खांद्यानं आत लोटलं.

चुना एकदा विझला आणि वाळला की दगड होतो. खोलीभर तसा पांढरा दगड झाला होता, पोत्यांचे आकार अजून दिसत होते, एकमेकांत वितळलेल्या उशांसारखे. आणि त्यांच्या मधोमध खाटेपुरती जागा. डोक्याशी चुना, पायाशी चुना, भिंतीकडं चुना, आणि दारापासून तिथपर्यंत जेमतेम माणूस जाईल एवढी बोळकांडी. त्या बोळकांडीतून खाट कधीच आत आली नसती आणि कधीच बाहेर गेली नसती. खाट आधी होती आणि पोती तिच्याभोवती रचली होती. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. पण तो चुनेवाल्याचा पोर, थप्पी लावण्यातच लहानाचा मोठा झालेला. तिनं त्याची नजर बघितली. ती दारापासून खाटेपर्यंत गेली, परत दारापर्यंत आली, परत गेली. माप घेतल्यासारखी. मग त्यानं दार ओढून घेतलं आणि अंगणात गेला.

अंगणात गावातली माणसं जमली होती, फौजी आला म्हणून. म्हातारा मधे बसलेला. ती मागं उभी राहून वाट बघत होती की आता हा काय बोलतो. त्याला कळलंय हे तिला कळलं होतं. तो बापाजवळ गेला आणि सगळ्यांदेखत म्हणाला,

"माझ्या आईला तुम्ही मारलंत. आजपासून मला बाप नाही."

म्हाताऱ्यानं मान डोलावली. कुणी हिशेब बरोबर सांगितल्यावर डोलवावी तशी.

सुट्टी संपेपर्यंत नवरा घरात जेवला नाही, भट्टीवर बसून असायचा. बायकोशी बोलला ते छपराबद्दल, गाडीबद्दल. तिनं दहादा तोंड उघडलं आणि मिटलं. त्याला कळलंय तर तो असं का बोलला? आणि तो असं बोललाच आहे, त्याला तेच धरून ठेवायचंय, तर मी कोण ते सोडवणारी? गाडीच्या थांब्यावर ती त्याला सोडायला गेली. गाडी दिसायला लागली तसं तो एकदम म्हणाला, "आईची खाट..." आणि थांबला. ती त्याच्याकडं बघत होती. त्याला काय ऐकायचंय ते तिला उमगेना. खरं, की फोनवर सांगितलं तेच.

"मामांनीच नेली आत," ती म्हणाली.

तो हं म्हणाला आणि गाडीत चढला.

पावसाळा सरायच्या आत तो गेल्याची बातमी आली. पुढं त्याच्या तुकडीतला एक जण त्याचं सामान घेऊन आला. चांगला माणूस, पाणी पिऊन मान खाली घालून बसला होता. निघताना तिला एकटीला गाठून म्हणाला, वहिनी, त्या दिवशी पुढं जायची पाळी त्याची नव्हती, तोच उठून गेला, आम्ही थांबवायच्या आत. हे तिनं मामाला सांगितलं नाही.

मग गावानं त्याच्या नावाचा चबुतरा बांधायचं ठरवलं, चौकात. गावाला हुतात्मा मिळाला होता, आणि हुतात्म्याच्या बापाला वाळीत टाकल्यासारखं गाव वागत होतं. हॅलोच्या दुकानात म्हाताऱ्याला माल मिळायचा, पण त्याच्या हातात कुणी ठेवत नसे, फळीवर ठेवत. म्हातारा तो फळीवरून उचलायचा. बोटं नीट मिटत नसत, त्यामुळं वेळ लागायचा, आणि सगळे तेवढा वेळ दुसरीकडं बघत राहायचे.

चबुतऱ्याचा चुना त्याच्याच घरच्या भट्टीतला असावा असं कुणाच्या तरी डोक्यात आलं. हॅलो आणि आणखी दोघं भट्टीवर आले. सासरा-सून तेव्हा भट्टी भरत होते. म्हातारा आत उतरलेला, ती वरून दोराला बांधलेल्या टोपल्यानं दगड देत होती. हॅलो तिला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, चबुतऱ्याच्या उद्घाटनाला सगळं गाव येणार आहे, मोठी माणसं येणार आहेत, तेवढं म्हाताऱ्याला त्या दिवशी घरी ठेवा. लोकांना बरं वाटणार नाही. पोरगाच त्याला बाप म्हणायला तयार नव्हता.

तिनं टोपलं खाली ठेवलं. आवाज चढवला नाही, पण हळूही बोलली नाही.

"खाट मामांनी आत नेली नाही. खाट तिथंच होती. यांनी मला फोनवर सांगितलं, आईला हलवू नकोस. तुमच्याच दुकानात. मी बरं म्हणाले ते तुम्ही ऐकलंय."

हॅलोचा चेहरा उतरला. आठवत असणार त्याला. पण बरोबरचे दोघं एकमेकांकडं बघून जे हसले ते तिला कळलं. म्हाताऱ्याच्या घरात राहायचंय, त्याच्या जिवावर खायचंय, बाई त्याची बाजू घेणारच. त्यातला एक तर म्हणाला की मेलेल्या माणसावर ढकलायला सोपं असतं, तो काही उठून नाही म्हणायला येत नाही. हॅलो मधे पडला नाही. चुना बघू नंतर, म्हणाला, आणि तिघं टेकाड उतरून गेले. उतरताना हॅलोनं एकदा मागं वळून बघितलं. संध्याकाळच्या आत गावभर झालं ते एवढंच, की भट्टीवाली आता हुतात्म्याचं नाव बुडवायला निघाली.

ते दिसेनासे झाले. ती काठावर जाऊन बघते तर मामा आत थरावर बसून होता, मांडीवर हात टाकून. सगळं ऐकलं होतं त्यानं.

"कशाला बोललीस?"

ती म्हणाली, मला ऐकवेना.

"मला ऐकवत होतं ना?" म्हातारा म्हणाला. इतकी वर्षं तिनं त्याला रागावलेलं पाहिलं नव्हतं. आवाज बारीकच होता. "तो माझ्यावर राग धरून गेला. स्वतःवर नाही. मी त्याला तेवढं देऊन पाठवला होता. आता गाव म्हणणार, त्यानंच आईला... तू माझ्याकडून तेही काढून घेतलंस, पोरी."

तिच्या तोंडाशी आलं होतं सगळं. दारापासून खाटेपर्यंत गेलेली ती नजर, थांब्यावर अर्धं तुटलेलं वाक्य, नसलेली पाळी. मामा, त्याला ठाऊक होतं, त्यानं तुम्ही दिलेलं घेतलं आणि तरी त्याला ते पुरलं नाही. एवढं म्हटलं असतं तर म्हाताऱ्याच्या जवळ काहीच उरलं नसतं, आणि तिच्या डोक्यावरचं निम्मं ओझं उतरलं असतं.

ती काठावर उकिडवी बसली. खाली तो तिच्याकडं बघत होता, काहीतरी म्हणेल म्हणून.

"चुकलं माझं, मामा," ती म्हणाली. "गाव नाही विश्वास ठेवणार. हसूनच गेले ते."

म्हाताऱ्यानं ते मनात फिरवून बघितलं. खरंच हसले का, त्यानं विचारलं. ती म्हणाली, हो, तोंडावर हसले. तेव्हा कुठं तो भिंतीला धरून उठला, पायाखालचा थर सारखा केला आणि वर हात केले. तिनं टोपलं भरून खाली सोडलं. ते त्याच्या बोटांतून निसटायला लागलं, म्हणून तो घट्ट धरेपर्यंत तिनं दोर सोडला नाही.